गॅलियम गार्नेटचा तुकडा ओळखायचा तर आधी तराजू

जुन्या मटेरियल्स लॅबच्या कपाटात ‘गार्नेट’ एवढंच लिहिलेली एखादी डबी हमखास सापडते. आत काचेसारखा स्वच्छ चौकोनी तुकडा, नाहीतर स्फटिकाच्या दंडातून कापून उरलेली फाक. कोणी मागवली, कधी, कुठल्या प्रोजेक्टसाठी, काहीच नोंद नाही. मी पातळ फिल्म्सच्या लॅबमध्ये सबस्ट्रेट (फिल्म जिच्यावर वाढवतात ती चकती) आणि मोजमापांचं काम बघते, त्यामुळे मुलं असल्या डब्या घेऊन माझ्याकडे येतात. "मॅडम, हा जीजीजीच ना? एक्सआरडीला लावू?" जीजीजी म्हणजे गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट, आणि एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण पाडून स्फटिकातली अणूंची मांडणी मोजायची पद्धत. मी त्यांना आधी तराजूकडे पाठवते. घनता आणि लॅटिस कॉन्स्टंट (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या घनाची, म्हणजे युनिट सेलची, बाजू) हे दोन आकडे नीट काढले, की या घराण्यातला बहुतेक कुठलाही स्फटिक आपलं नाव सांगतो. एकट्या एक्सआरडीवर विसंबलं तर फसगत होते. कशी, ते पुढे येईलच.

घराण्याची ओळख आधी करून घेऊ. सूत्र एकच: तीन अणू रेअर अर्थचे (लॅन्थॅनम ते ल्युटेशियम या रांगेतल्या धातूंचे), पाच गॅलियमचे, बारा ऑक्सिजनचे. रेअर अर्थच्या जागी निओडिमियमपासून ल्युटेशियमपर्यंतचे अणू बसतात, यिट्रियमही बसतो. गॅडोलिनियम बसला की जीजीजी, टर्बियम बसला की टीजीजी. रचना घनाकार, एका युनिट सेलमध्ये सूत्राचे आठ संच, म्हणजे 160 अणू. रेअर अर्थभोवती आठ ऑक्सिजन असतात. गॅलियम दोन प्रकारच्या जागांवर विभागलेला असतो: पाचातले दोन सहा ऑक्सिजनांच्या मधे आणि तीन चारांच्या मधे. सांगाडा तोच राहतो, रेअर अर्थ तेवढा बदलतो.

रेअर अर्थच्या रांगेत जसजसं पुढे जावं तसतसा अणू जड होतो आणि आकाराने मात्र लहान. त्यामुळे युनिट सेल आकसतो आणि वजन वाढतं, दोन्ही गोष्टी घनतेला एकाच दिशेने ढकलतात. निओडिमियमच्या गॅलियम गार्नेटचा लॅटिस कॉन्स्टंट सुमारे 12.51 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि घनता 6.6 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. समेरियमचा 12.44 आणि 6.85. गॅडोलिनियमचा 12.383 आणि 7.08. टर्बियमचा साधारण 12.35 आणि 7.17. एर्बियमचा 12.26 च्या आसपास आणि 7.5. शेवटी ल्युटेशियम, 12.19 आणि 7.8. यिट्रियम या रांगेतून बाजूला पडतो: त्याचा अणू आकाराने होल्मियमजवळ, पण वजनाने फार हलका, म्हणून लॅटिस 12.27 आणि घनता जेमतेम 5.8. इथले घनतेचे आकडे लॅटिसवरून काढलेले आहेत. प्रत्यक्ष मोजलेली घनता बऱ्याचदा याच्या थोडी खालीच येते.

तराजूआधी डोळे

पांढऱ्या कागदावर तुकडा ठेवून आधी खिडकीच्या उजेडात बघा, मग ट्यूबलाइटखाली. जांभळट छटा असून ट्यूबखाली ती निळसर होत असेल तर निओडिमियम. गुलाबी असेल तर एर्बियम. दिवसा पिवळट आणि ट्यूबखाली गुलाबीकडे झुकणारा असेल तर होल्मियमचा संशय घ्यायचा. गॅडोलिनियम, यिट्रियम, यटर्बियम आणि ल्युटेशियम रंगहीन. टर्बियमही जवळपास रंगहीन, जाड तुकडा असला तर किंचित पिवळसर. रंगामुळे यादी लहान होते, निकाल मात्र लागत नाही, कारण जरासा निओडिमियम मिसळलेला जीजीजीसुद्धा जांभळट दिसू शकतो.

घनता

यात घाई करू नका. पद्धत आर्किमिडीजची, शाळेत शिकलेलीच. तुकडा हवेत तोलायचा, मग पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचा, आणि हवेतल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागून पाण्याच्या घनतेने गुणायचं. अवघड भाग आहे तो बुडबुड्यांचा आणि दोऱ्याचा.

तुकडा आधी ॲसिटोनने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटांचं तेल राहिलं तर पाणी पृष्ठभागाला धरत नाही आणि हवा चिकटून बसते. डिस्टिल्ड पाणी उकळून, झाकून, लॅबच्या तापमानाला येऊ द्या. उकळल्याने त्यात विरघळलेली हवा निघून जाते. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की पाण्याचा पृष्ठताण उतरतो. एवढ्याशा थेंबाने घनतेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. तराजूच्या तबकावर ओझं येणार नाही असा एक छोटा पूल करून त्यावर बीकर ठेवा आणि तुकडा वरच्या हुकाला बारीक नायलॉनच्या धाग्याने टांगा. सुती दोरा नको, तो पाणी पीत राहतो आणि वजनाचा आकडा सरकत राहतो. धागा जितका बारीक तितका पाण्याच्या पृष्ठभागाचा ओढा कमी. नुसत्या धाग्याचं वजन, तेवढ्याच खोलीपर्यंत बुडवून, वेगळं घेऊन वजा करा.

आता तुकड्याच्या खालच्या बाजूकडे बघा. बीकरमागे टॉर्च धरला की गाठीच्या खाचेत आणि तुकड्याच्या तळाशी चकाकणारे ठिपके दिसतील, ते बुडबुडे. पाण्यातच मऊ ब्रशने ते झटकून टाका. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा अर्धा मिलिग्रॅम उचलतो. मोठ्या तुकड्याला त्याचं काही नाही. पण 10 बाय 10 मिलिमीटरचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा सबस्ट्रेट घ्या. जीजीजी असेल तर त्याचं वजन 0.354 ग्रॅम, आणि पाण्यात घटणारं वजन फक्त 50 मिलिग्रॅम. तिथे तो बुडबुडा थेट एक टक्क्याची चूक करतो, आणि गॅडोलिनियम-टर्बियममधला घनतेचा फरकच सव्वा टक्का आहे. म्हणून शक्य असेल तेव्हा एकाच बॅचचे चार-पाच सबस्ट्रेट एकत्र बांधून तोला, किंवा दंडाची फाक मिळत असेल तर तीच घ्या.

एक उदाहरण करून बघू. समजा फाकेचं वजन हवेत 8.4260 ग्रॅम, पाण्यात 7.2392 ग्रॅम. फरक 1.1868. पाणी 27 अंशांवर, घनता 0.99651. उत्तर येतं 7.075. पाण्याचं तापमान थर्मामीटरने बघा, अंदाजाने लिहू नका. 20 अंशांपासून 30 अंशांपर्यंत पाण्याची घनता जवळजवळ अडीच हजारांश उतरते. तिसऱ्या दशांशाची पर्वा असेल तर हवेचा उचल-धक्काही धरावा लागतो, त्याने उत्तर साधारण एक हजारांश भागाने खाली येतं.

लॅटिस कॉन्स्टंट

सबस्ट्रेट 111 दिशेत कापलेला असेल, आणि जीजीजीचे बहुतेक सबस्ट्रेट तसेच असतात, तर एक्सआरडीत 444 आणि 888 ही शिखरं दिसतात (हे आकडे अणूंच्या थरांची ओळख सांगतात). तांब्यापासून मिळणाऱ्या के-अल्फा-वन या क्ष-किरणाला जीजीजीचं 444 शिखर टू-थीटा (किरण जितका वळतो तो कोन) 51.06 अंशांवर, 888 हे 119.07 वर. मुलं 444 वर थांबतात, कारण ते पटकन मिळतं. पण थीटात, म्हणजे या कोनाच्या निम्म्यात, शंभरांश अंशाची चूक झाली तर 444 वर लॅटिसमध्ये 0.0045 अँगस्ट्रॉमची चूक होते, आणि 888 वर फक्त 0.0013 ची. यिट्रियम आयर्न गार्नेटचा, म्हणजे यिगचा, लॅटिस 12.376 आणि जीजीजीचा 12.383. या दोघांत सात हजारांशांचं अंतर आहे. ते वेगळे दिसायला हवे असतील तर 888 घ्यावाच लागतो, थोडा वेळ जास्त लागला तरी. याच जवळिकीमुळे यिगच्या फिल्मसाठी जग जीजीजी वापरतं. 1970 च्या दशकात मॅग्नेटिक बबल मेमरीसाठी (चुंबकीय थरातल्या बुडबुड्यांसारख्या बारीक भागांत माहिती साठवायची जुनी पद्धत) जीजीजीचे मोठे स्फटिक काढायचं तंत्र पक्कं झालं. बबल मेमरी मागे पडली, सबस्ट्रेट राहिला.

खोलीचं तापमान इथेही लिहून ठेवा. तापमानाने हा स्फटिक दर अंशाला दहा लाखात साधारण नऊ भाग फुगतो. एसी बंद पडून खोली 10 अंशांनी तापली तर लॅटिस एक हजारांश अँगस्ट्रॉमने वाढलेला दिसेल.

पावडर करूनच बघायचं असेल तर अगेटचा खल जपून वापरा. गॅलियम गार्नेट आणि अगेट कठिणतेत जवळजवळ बरोबरीचे, त्यामुळे जोर लावून घोटलं की खलाचा सिलिका पावडरीत उतरतो. क्वार्ट्झचं मुख्य शिखर 26.6 अंशांवर येतं आणि जीजीजीचं स्वतःचं 321 शिखर 26.9 वर, अगदी शेजारी. तिथे दोन शिखरं दिसली तर दुसरी फेज (वेगळ्या रचनेचा पदार्थ) सापडली असं वहीत लिहिण्याआधी खल बघा.

अजून एक गोष्ट सबस्ट्रेट वापरणाऱ्याला ठाऊक असावी. जीजीजी इरिडियमच्या क्रुसिबलमध्ये (मुशीत) 1700 अंश सेल्सियसच्या वर वितळवून, चोक्राल्स्की पद्धतीने वर ओढत वाढवतात. तीनास पाच हे नेमकं प्रमाण धरलं तर वितळलेला द्रव आणि त्यातून निघणारा स्फटिक यांचं रसायन जुळत नाही. ते जुळतं गॅडोलिनियम थोडा जास्त असताना, आणि तो जास्तीचा गॅडोलिनियम गॅलियमच्या सहा ऑक्सिजनांच्या जागांवर जाऊन बसतो. मोठा अणू लहान जागेत बसला की सेल फुगतो. म्हणून ऑक्साइडच्या पावडरी भट्टीत भाजून केलेल्या जीजीजीचा आणि ओढलेल्या स्फटिकाचा लॅटिस शेवटच्या आकड्यांत वेगळा येतो. दोन्ही मोजमापं बरोबरच असतात, पदार्थच किंचित वेगळे असतात.

दोन आकडे एकत्र

सूत्र सोपं करून देते. लॅटिस कॉन्स्टंट अँगस्ट्रॉममध्ये घ्या, त्याचा घन करा, मोजलेल्या घनतेने गुणा आणि 13.284 ने भागा. मिळतो रेणुभार. वरच्या उदाहरणात 12.383 चा घन 1898.8, गुणिले 7.075, भागिले 13.284, म्हणजे 1011.3. यातून पाच गॅलियम आणि बारा ऑक्सिजनचे 540.6 वजा करा, उरले 470.7, तीनने भागा, 156.9. गॅडोलिनियमचा अणुभार 157.25, युरोपियमचा 151.96, टर्बियमचा 158.93. गॅडोलिनियमच.

आता फसगतीची गोष्ट. गॅडोलिनियम गार्नेटमध्ये गॅलियमच्या काही जागांवर ॲल्युमिनियम घातला की सेल आकसतो. तीन गॅलियम आणि दोन ॲल्युमिनियम असलेल्या स्फटिकाचा लॅटिस 12.25 च्या आसपास येतो, एर्बियम गॅलियम गार्नेटच्या अगदी जवळ. एक्सआरडीचा आलेख बघून कोणीही चुकेल. घनता मात्र एकाची 6.6 ते 6.7 आणि दुसऱ्याची 7.5. हा ॲल्युमिनियमवाला स्फटिक सिरियम घालून गॅमा किरण मोजायच्या सिंटिलेटरसाठी (किरण पडला की चमकणाऱ्या पदार्थासाठी) वापरतात. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तो वाढवला जातो, तेव्हा महाराष्ट्रातल्या लॅबमध्ये त्याचा तुकडा समोर येणं अशक्य नाही. यिग आणि जीजीजीचंही तेच: लॅटिस चिकटून, घनता 5.17 आणि 7.08.

प्रकाश

दोन पोलरायझर (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत ठेवणाऱ्या पट्ट्या) आडवे-उभे करून मधे तुकडा धरा आणि फिरवा. स्फटिक घनाकार, त्यामुळे अंधार कायम राहायला हवा. कुठे उजळ पट्टे दिसले तर तो ताण आहे. 111 दिशेत ओढलेल्या दंडाची आडवी चकती असेल तर मधोमध तीन पाकळ्यांच्या फुलासारखी नक्षी दिसू शकते. वाढताना मधल्या भागात सपाट पैलू तयार होतात आणि तिथलं रसायन जरा वेगळं राहतं, त्याची ती खूण. फिल्मसाठी तुकडा निवडायचा असेल तर हा भाग टाळा. बारीक काळे, धातूसारखे चकाकणारे कण दिसले तर ते बहुधा क्रुसिबलमधून आलेलं इरिडियम.

जीजीजीचा अपवर्तनांक सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाला 1.97. रत्नं तपासायचा रेफ्रॅक्टोमीटर 1.81 च्या पुढे वाचत नाही, तिथे वेळ घालवू नका. दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला पाच मिलिमीटर जाडीचा तुकडा असेल तर चल सूक्ष्मदर्शीने खरी जाडी आणि भासणारी जाडी मोजा. भासणारी 2.54 मिलिमीटरच्या जवळ यायला हवी.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नवीन मुलं दरवेळी घाबरतात: "पारगमन ऐंशीच टक्के येतंय, तुकडा खराब आहे का?" नाही. 1.97 अपवर्तनांकाच्या पृष्ठभागावरून जवळपास 10.7 टक्के प्रकाश परत फिरतो. दोन्ही पृष्ठभाग आणि आतले परतावे धरले तर निर्दोष तुकड्यातूनही सुमारे 81 टक्केच पार जातो. हे 81 टक्के म्हणजे तुमची शंभराची रेषा. त्याखाली जे जाईल ते खरं शोषण किंवा विखुरणं. मग शोषणाच्या रेषा बघा: गॅडोलिनियमच्या रेषा अतिनील भागात, 312 आणि 275 नॅनोमीटरजवळ. टर्बियमची 485 च्या आसपास.

हाच अपवर्तनांक आणि हिऱ्याच्या तोडीचं रंगविकिरण, यांमुळे 1970 च्या दशकात जीजीजीला हिऱ्यासारखे पैलू पाडून दागिन्यांत बसवत. 1976 नंतर क्युबिक झिर्कोनिया आला आणि ते थांबलं. जुन्या अंगठीतला खडा आकाराच्या मानाने फार जड लागला तर हेही एक कारण असू शकतं: हिऱ्याची घनता 3.52, याची दुप्पट. कठिणता पाहायला ओरखडा मात्र काढू नका. कठिणतेच्या मोह्स पट्टीवर हे स्फटिक सातच्या आसपास आहेत, पॉलिश केलेला पृष्ठभाग बिघडतो आणि ओळख तेवढ्याने पटत नाही. तापलेला तुकडा एकदम थंड पाण्यात किंवा धातूच्या पट्टीवर ठेवायचाही नाही, तडा जातो.

चुंबक

स्टीलचा चिमटा आधी बाजूला ठेवा. त्याचे लोखंडाचे अदृश्य कण तुकड्याच्या कडेला लागतात आणि पुढच्या सगळ्या चुंबकीय मोजमापांत नसलेलं लोहचुंबकत्व दाखवतात. प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा चिमटा घ्या.

तराजूच्या तबकावर सहा-सात सेंटिमीटर उंच थर्माकोलचा ठोकळा ठेवा, त्यावर तुकडा, आणि तराजू शून्यावर आणा. स्टँडला घट्ट पकडलेला निओडिमियमचा चुंबक वरून हळूहळू दोन मिलिमीटरपर्यंत आणा. गॅडोलिनियम किंवा टर्बियम असेल तर आकडा ठळकपणे उणे होतो, यिट्रियम किंवा ल्युटेशियम असेल तर जवळपास हलत नाही. नुसता ठोकळा ठेवून तीच कृती आधी करून घ्या, म्हणजे चुंबकाचा तराजूवर स्वतःचा काही परिणाम आहे का ते कळेल. खोलीच्या तापमानाला जीजीजीची चुंबकीय ग्रहणशीलता (क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा) 0.007 च्या आसपास, ॲल्युमिनियमच्या सुमारे 300 पट.

यिगच्या फिल्म मोजणाऱ्यांना हा आकडा फार छळतो. 100 नॅनोमीटरची फिल्म आणि अर्धा मिलिमीटरचा सबस्ट्रेट घेतला तर एक टेस्ला क्षेत्रात सबस्ट्रेटचा सिग्नल फिल्मच्या सुमारे 200 पट येतो. म्हणून फिल्म वाढवण्याआधीच त्याच तुकड्याचं कोरं मोजमाप घेऊन ठेवा, आणि ते फिल्मला लागणाऱ्या प्रत्येक तापमानाला घ्या. खोलीच्या तापमानाला सबस्ट्रेटची रेषा सरळ असते, सहज वजा होते. थंड करत गेलं की ती वाकते आणि सरळ रेषा वजा करणारा विद्यार्थी फिल्मच्या नावावर सबस्ट्रेटचंच चुंबकत्व लिहून मोकळा होतो. अतिशीत यंत्रं बांधणाऱ्यांना मात्र हीच गोष्ट हवी असते. गॅडोलिनियमचे अणू त्रिकोणांच्या जाळ्यात अडकलेले असल्याने एक केल्विनच्या खालीही सहजासहजी एका क्रमात बसत नाहीत. क्षेत्र लावून ते रांगेत आणायचे, उष्णता काढून घ्यायची, मग क्षेत्र काढायचं, की स्फटिक थंड होतो.

जीजीजी की टीजीजी

हे दोघे दिसायला सारखे, दोघांनाही चुंबक ओढतो, घनता जवळजवळ. एक्सआरडीची पाळी यायला वेळ असेल तर फॅरडे परिणाम, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात पदार्थातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरणं, लगेच निकाल देतो. भोकं पाडलेल्या ध्रुवांचा इलेक्ट्रोमॅग्नेट, हेलियम-निऑन लेसर, दोन पोलरायझर एवढंच लागतं. क्षेत्र बंद असताना ॲनालायझर (दुसरा पोलरायझर) फिरवून अंधार करा. क्षेत्र लावा, पुन्हा अंधार होईपर्यंत फिरवा, कोन लिहा. मग क्षेत्र उलटं करून तेच करा आणि दोन कोनांतला फरक घ्या. त्यामुळे कोन दुप्पट मिळतो आणि शून्याची चूकही निघून जाते.

टीजीजीचा व्हर्डे स्थिरांक (ही दिशा किती फिरते ते सांगणारा आकडा) 632.8 नॅनोमीटरला दर टेस्ला-मीटरला सुमारे 134 रेडियन, चिन्ह ऋण. 10 मिलिमीटरचा तुकडा आणि 0.1 टेस्ला क्षेत्र असेल तर 7.7 अंश, उलटसुलट मिळून 15.4. साध्या गोनिओमीटरवरही हे चुकत नाही. 1064 नॅनोमीटरला हाच स्थिरांक 40 वर उतरतो, म्हणून एक टेस्लाच्या लेसर आयसोलेटरमध्ये (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या उपकरणात) 45 अंशांसाठी सुमारे 20 मिलिमीटर लांबीचा टीजीजी लागतो. जीजीजी याच मांडणीत फारच कमी फिरवतो, कारण गॅडोलिनियमची शोषणं दूर अतिनीलमध्ये आहेत आणि त्याच्या चुंबकत्वात कक्षीय वाटा नाही. कोन मोजताना तुकड्याला लावलेला थर्मोकपल वाचत राहा. टीजीजीचा व्हर्डे स्थिरांक केल्विन तापमानाच्या जवळपास व्यस्त प्रमाणात बदलतो, आणि इलेक्ट्रोमॅग्नेटची वेटोळी तापून तुकडा 10 अंशांनी गरम झाला तर उत्तर तीन टक्क्यांनी कमी येतं.